आमटीचा वास

दत्ताराम घाडी बॉनेट उघडायच्या आधी गाडीत बसायचा. भांडुपच्या त्याच्या पत्र्याच्या गॅरेजसमोर एखादी म्हातारी गाडी येऊन उभी राहिली आणि मालक म्हणाला, "दत्ताराम, मधूनच तापते रे ही," की हा फडक्याला हात पुसून सरळ शेजारच्या सीटवर. "चला. तापेपर्यंत चालवा." मग मुलुंड होऊ दे नाहीतर पवईचा चढ, काटा वर जाईपर्यंत मुकाट बसून राहायचा. गिऱ्हाइकं हसायची. "मीटर टाकू काय?" असं एकजण म्हणाला तेव्हा दत्ताराम हसलासुद्धा नाही. चांगली सवय होती. फक्त ती जेव्हा लागायला हवी होती, तेव्हा लागली नव्हती.

दत्ताराम मूळचा कणकवलीकडचा, गिरणीत फिटर. संपात गिरणी गेली तेव्हा तो रडत बसला नाही, हातातल्या पान्यावर पोट भरायला लागला. बायकोचा, वनमालाचा, धाकटा भाऊ चंद्रप्रकाश त्याच गिरणीत बदली कामगार होता, तोही घरी बसला. दोघांनी मिळून एक जुनी टॅक्सी घेतली. चालवायची चंदूने, दुरुस्त करायची दत्तारामने. चंदूचं लग्न झालेलं नव्हतं. तो बहिणीच्याच घरी पोटमाळ्यावर झोपायचा आणि सकाळी खाली उतरता उतरता "ताई, चाय!" म्हणून ओरडायचा. आईबाप गेलेल्या वनमालाला माहेर म्हणून एवढाच एक आवाज उरला होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी टॅक्सीच्या रेडिएटरमधून पाणी ठिबकताना दिसलं. भोकाला डाक देऊन झाळणाऱ्याचं दुकान बंद, आणि सणाचं भाडं कोण सोडतो? टॅक्सीवाल्यांचा एक उपाय सगळ्या मुंबईला ठाऊक आहे. दत्ताराम घरात आला आणि वनमालाच्या डब्यातून मूठभर हळद घेऊन गेला.

"अहो, ती लोणच्याची ठेवलीय मी!"

"गाडीक पण कापलाहा," असं म्हणून त्याने ती रेडिएटरमध्ये टाकली. हळदीने भोक बुजलं, पाणी थांबलं. सण झाला की डाक देऊ, असं ठरलं. आता तुम्हीच सांगा, ठिबकायचं थांबलेल्या गोष्टीला कोण डाक द्यायला जातो? विसरला.

उन्हाळ्यात चंदू एक दिवस तक्रार घेऊन आला. "भावजी, गाडी तापता."

दत्तारामने पाहिलं. इंजिन थंड, खाली पाण्याचा टिपूस नाही. त्याने रेडिएटरचं झाकण बदललं. मग पंख्याचा पट्टा बदलला, मग होज पाइप, मग वॉटर पंप. चार दिवस गाडी वांद्र्यापासून दहिसरपर्यंत शहाण्यासारखी धावायची, पाचव्या दिवशी घाटकोपरला काटा टोकाला जायचा आणि पाणी रस्त्यावर. चंदू थांबायचा, गार होऊ द्यायचा, पाणी घालून घरी आणायचा. घरी आली की पुन्हा कोरडी ठणठणीत. दत्तारामने इंजिनचं हेड उघडून गॅस्केटसुद्धा बदललं. रेडिएटर तेवढा सोडला. तो त्याने स्वतः बघितलेला होता ना!

"भावजी, एकदा माझ्यावांगडा बसा. तापल्यावर बघा. आणि वास येता कसलोतरी. आमटी उकळल्यासारखो."

"तुका भूक लागली आसतली," दत्ताराम म्हणाला आणि गॅरेजात बसलेले दोघेचौघे खो-खो हसले. चंदूही हसला बिचारा. पण त्याने ते पुन्हा सांगितलं, आणि पुन्हाही सांगितलं. "एकदा बसा." दत्तारामला वेळ नव्हता. खरं म्हणजे वेळ होता. पण बिघाड शोधायला आपल्याला पॅसेंजरसारखं बसावं लागतं, हे त्याला कमीपणाचं वाटत होतं. गिरणीत तो नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं सांगायचा.

वनमालाही एकदा म्हणाली, "बसान बघा तरी. इतक्यांदा सांगताहा तो."

"तू चुलीचं बघ," दत्ताराम म्हणाला. चुलीचं बघणाऱ्या बाईला त्या वासाचं जरा जास्तच कळलं असतं, पण तिला कोण विचारतो?

गणपती झाल्यावर एका दुपारी टॅक्सी नाक्यावरच बंद पडली. चंदूने ती ढकलत गॅरेजपर्यंत आणली, घामाने निथळत. तोवर निम्मी थंड झालेली. दत्ताराम दुसऱ्याच एका गाडीखालून बाहेर आला, आधीच वैतागलेला.

"पाणी घातलं होतंस सकाळी?"

"घातलं होतं."

"मग गेलं खंय? पिलास?"

"भावजी, मी सांगतंय तुमका..."

"माका नको सांगू. सगळा बदलून झाला. आता बदलूक डायवरच रवलो." आणि मग नाक्यावरचे सगळे टॅक्सीवाले ऐकत असताना म्हणाला, "गाडी खोटं बोलत नाय चंदू. माणूस बोलता."

चंदूने किल्ली बाकड्यावर ठेवली. घरी जाऊन पिशवी भरली आणि वनमाला दळण घेऊन येईपर्यंत निघूनही गेला. गावाला गेल्याचं दोन दिवसांनी कुणाकडून तरी कळलं.

त्या वर्षी भाऊबीजेला वनमालाने ताट करून ठेवलं होतं. निरांजनातलं तूप संपलं तरी ती उठली नाही. दत्ताराम म्हणाला, "येतलो पुढल्या वर्षी." तिने ताट उचलून आत नेलं.

गाडीवर आता कुंडलिक नावाचा साताऱ्याकडचा ड्रायव्हर होता. थंडी पडल्यावर एक दिवस तो रिक्षा पकडून गॅरेजात आला. "मालक, पवईच्या चढावर वाट लागलीय. पॅसेंजर शिव्या देऊन उतरले. धूरच धूर! आत्ता चला, नायतर मी ही गाडी चालवणार नाय."

गिऱ्हाइकाच्या स्कूटरवर बसून दत्ताराम गेला. ओलं गोणपाट टाकून झाकण हळूच फिरवलं. भस्सकन वाफ वर आली आणि तिच्याबरोबर वास.

"घरी आमटी टाकल्यासारखा वास येतोय न्हवं?" कुंडलिक म्हणाला.

दत्तारामने वाकून पुन्हा एकदा वास घेतला. सगळं एकदम कळलं. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत हळदीच्या गोळ्या झाल्या होत्या. कधी त्या हलायच्या, पाणी वाहायचं, गाडी ठीक. कधी अडकायच्या, गाडी तापायची, बुजलेलं भोक दाबाने उघडायचं, पाणी बाहेर. गार झाली की हळद पुन्हा भोकावर बसायची. त्याच्यासमोर यायची तेव्हा गाडी निर्दोष. तापलेल्या गाडीजवळ एकदा उभा राहिला असता, तर नाकानेच सांगितलं असतं.

रेडिएटर उतरवून धुतला तेव्हा पिवळा गाळ निघाला. वनमाला दारात उभी राहून बघत होती. "लोणच्याची हळद," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

डाक देऊन, गाडी स्वतः दोन दिवस चालवून, बाहेरगावचा परवाना काढून दत्ताराम एकटाच गावाला निघाला. शेजारची सीट त्याने पुसून घेतली होती.

चंदू भाताच्या गिरणीवर होता, तिथलं डिझेल इंजिन सांभाळायचा. भावजींना बघून त्याने इंजिन बंद केलं, चहा मागवला. दत्तारामने हळदीचं सांगितलं. अडखळत सांगितलं, पण सगळं सांगितलं. नाक्यावर जे बोललो ते चुकलं, हेही सांगितलं. असं बोलायची त्याला सवय नव्हती.

"मी म्हटलं होतंय, वास येता," चंदू म्हणाला.

"म्हटलं होतंस."

"आता तापत नाय?"

"नाय. चल चंदू. तुझी ताई वाट बघता."

चंदू उठला. गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला, जसा माणूस ओळखीच्या बैलाच्या पाठीवर ठेवतो. दत्तारामला वाटलं, बसतोय. पण तो बसला नाही.

"नको भावजी. उद्या परत तापली, तर तुम्ही आधी माझ्याच तोंडाकडे बघतलास. बघूचा नाय असा ठरवलात, तरी बघतलास."

यात राग नव्हता. चंदू गिरणीमागच्या आपल्या खोलीत गेला आणि एक पुडकं घेऊन आला. ताईसाठी लुगडं. भाऊबीजेलाच घेऊन ठेवलेलं.

ते पुडकं शेजारच्या सीटवर ठेवून दत्ताराम परत फिरला. कशेडीच्या घाटात चढ लागला तसा तो सारखा काट्याकडे बघायला लागला. गाडी तापली असती तर थांबावं लागलं असतं. थांबल्यावर कदाचित मागे वळायला निमित्त झालं असतं, आणखी एकदा विचारता आलं असतं. चढ संपत आला. काटा जागचा हलला नाही. काम चोख झालं होतं.