फक्त निवडक कुटुंबांसाठी

लग्नं जुळवणाऱ्या ऑफिसात आठ वर्षं काढली की माणूस एक तर संत होतो, नाही तर चहाटळ. माझं काय झालंय ते तुम्ही बघताच आहात! मैत्रिणी म्हणतात, "माधुरी, रोज नवीन किस्सा कुठून काढतेस गं?" काढायचा कशाला? दोन आया, दोन बाप आणि मध्ये दोन घाबरलेली पोरं एका सोफ्यावर बसवा, बाकी काही करावं लागत नाही.

ऑफिस ठाण्याच्या नौपाड्यात, दातांच्या दवाखान्याच्या वर. काम ‘एक्सक्लुझिव्ह मॅचमेकिंग’. म्हणजे काय, तर चहा ग्लासातून नाही, कपबशीतून! आमच्या खानोलकर मॅडम म्हणतात, "आपण लग्नं जुळवत नाही, आपण जर्नी क्युरेट करतो." तर मी दहा ते सहा जर्नी क्युरेट करते आणि मग डोंबिवलीला आईकडे पोळ्या लाटायला जाते. वय सदतीस, लग्न नाही. हसा, हसा. मॅडमही हसतात.

*

एकदा मॅडमनी पॅम्फ्लेट छापलं. ‘फक्त निवडक कुटुंबांसाठी, निमंत्रणाद्वारे.’ सोनेरी अक्षरं, जाड कागद. आणि दिलं पेपरवाल्याकडे, घरोघरी टाकायला!

दुसऱ्या दिवशी एक काका जिना चढून धापा टाकत आले. हातात पॅम्फ्लेट, चेहऱ्यावर आनंद.

"मॅडम, अभिनंदन करा. आमच्या अख्ख्या बिल्डिंगची निवड झालीय!"

*

फॉर्म मुलं भरत नाहीत, त्यांच्या आया भरतात. ‘छंद’ या रकान्यात सगळ्यांना ट्रेकिंग. ठाण्यापासून कल्याणपर्यंतची सगळी मुलं जर खरंच डोंगर चढत असती तर वर उभं राहायला जागा उरली नसती.

असाच एक ट्रेकर आलेला. शर्टाची बटणं पोटावर ताणलेली. मुलीने उत्साहाने विचारलं, "शेवटचा ट्रेक कुठे केलात?"

त्याने आईकडे बघितलं. आईने खिडकीकडे. शेवटी तो म्हणाला, "आमची लिफ्ट बंद होती. चौथा मजला आहे."

*

आता कल्याणकडचा नितीन घरत. याच्याबद्दल आधीच सांगून टाकते, मला हा माणूस आवडला. पहिल्या दिवशीच. लपवून काय करू?

मोहनेचा. वय एक्केचाळीस. वागळे इस्टेटमध्ये छोटं वर्कशॉप, बाटल्यांची बुचं बनवायचे साचे करतो. आई-वडील नाहीत. मोठी बहीण हाताला धरून घेऊन आलेली, पण फॉर्म त्याने स्वतः भरला. छंद : ‘नाही. वेळ मिळाला तर झोपतो.’ अपेक्षा : ‘जेवताना गप्पा मारणारी. मी एकटा जेवून कंटाळलोय.’

आठ वर्षांत मी हजारभर फॉर्म वाचले असतील. एवढं खरं वाक्य कुणी लिहिलं नव्हतं. मी पेनाचं टोपण चावत तो रकाना तीनदा वाचला.

आणि माझं काम काय? तर त्याचं लग्न दुसऱ्या कुणाशी तरी लावून देणं!

*

मॅडमनी आधी त्याला ग्रूमिंगवालीकडे पाठवला. ती म्हणाली, कोट हवाच. पहिल्या भेटीला कोट घालून आला, बाहीला दुकानाचं लेबल तसंच लटकलेलं. पहिली पंधरा मिनिटं रिलेशनशिप मॅनेजरने, म्हणजे मी, सोबत बसायचं, हा आमचा नियम. म्हणून मी समोरच.

पहिली मुलगी एचआरमधली. तिने विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"शेहेचाळीसमध्ये," नितीन म्हणाला.

नकार. दुसरी घोडबंदरच्या टॉवरमधली. "तुम्ही शेवटचे फिरायला कुठे गेलेलात?"

"उल्हासनगरला. मशीनचा पार्ट आणायला."

नकार! आमच्याकडे नकार म्हणत नाहीत हं, ‘पॉझिटिव्ह क्लोजर’ म्हणतात. मी गंभीर चेहऱ्याने सांगायची, "वाईट वाटून घेऊ नका हं, नितीनजी." आणि घरी जाताना रिक्षात गुणगुणायची.

आईने एकदा विचारलं, "आज कसला एवढा आनंद?"

"एकाला नकार आला."

"देवा! या नोकरीने पोरगी बिघडली," आई म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

*

मध्येच एक तोंड कडू करणारा किस्सा सांगते. एका कुटुंबाने फॉर्मवर ठळक अक्षरांत लिहिलेलं, ‘जातीची अट नाही.’ मी खुळी, विश्वास ठेवला. कल्याणची प्रज्ञा दाखवली. बँकेत ऑफिसर, बौद्ध कुटुंबातली, हुशार, हसरी.

मुलाची आई बर्फीचं ताट पुढे करत म्हणाली, "आम्ही तसलं काही मानत नाही हो. बरं, आडनाव काय? मूळ गाव? गावात घर नेमकं कुठे? आणि कुलदैवत?"

प्रज्ञाने बर्फीचा तुकडा परत ताटात ठेवला. "काकू, पाच मिनिटांत तुम्ही आडनाव, गाव, घर, कुलदैवत सगळं विचारलंत. माझं नाव विचारायचं तेवढं राहिलं."

ती उठून गेली. मी तिच्यामागे जिन्यापर्यंत गेले, सॉरी म्हणाले. मॅडमनी रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘पॉझिटिव्ह क्लोजर’. त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली.

*

नितीनचे पाच नकार झाले आणि सहावी आली. सुचेता, डोंबिवलीच्या शाळेत गणित शिकवते. तिच्यात खोट काढायची म्हणून मी पंधरा मिनिटं डोळे फाडून बसलेले. एक सापडेल तर शपथ! मेली छान होती. त्याच्या सगळ्या बोलण्यावर हसत होती, आणि खरं हसत होती.

पंधरा मिनिटं झाली. नियमाप्रमाणे उठले, दार लावून घेतलं. मॅडम कानात म्हणाल्या, "हे जमलं बघ!" मी "हो ना" म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. खोटं कशाला बोलू?

पाऊण तासाने सुचेता एकटीच बाहेर आली. माझ्या टेबलासमोर बसली.

"नकार लिहा," ती म्हणाली.

"अगं, का? चांगला माणूस आहे तो!" ही मी बोलले. मीच!

"आहे ना. पण तुम्ही पेनाचं टोपण चावता, तुम्हाला आल्याचा चहा लागतो आणि शनिवारी तुम्ही हिरवा ड्रेस घालता, हे मला कशाला माहीत पाहिजे? पाऊण तास मी तेच ऐकतेय!"

*

त्या संध्याकाळी नितीन सरळ मॅडमच्या केबिनमध्ये गेला. दार उघडंच होतं.

"मला यांचं प्रोफाइल बघायचंय."

"कुणाचं?"

त्याने माझ्याकडे बोट केलं. मॅडमचा चष्मा नाकावरून घसरला.

"अहो, त्या स्टाफ आहेत. त्या डेटाबेसमध्ये नाहीत!"

"मग टाका."

मॅडम पाच मिनिटं भडकल्या. दुकानातला माल दुकानातल्या माणसाने उचलायचा नसतो, वगैरे. मी मान खाली घालून ऐकलं. मग त्यांची नजर भिंतीवर गेली. तिथे जमलेल्या लग्नांचे फोटो लागतात, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच दिवसांत नवीन लागला नव्हता.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या, "पण प्रोसीजरने! मुलीच्या आईला पहिला फोन मॅनेजरच करतो. कर."

"मॅडम, मुलगी मीच आहे."

"मॅनेजर पण तूच आहेस. स्पीकरवर टाक. आणि पर्सनल मत द्यायचं नाही, नियम आहे!"

लावला फोन. मागे कुकरची शिट्टी वाजत होती. नितीन दाराशी उभा, हातात स्वतःचाच फॉर्म.

"नमस्कार. मी रिलेशनशिप मॅनेजर बोलतेय. आपल्या कन्येसाठी एक सुयोग्य स्थळ आहे. आपण बोलू शकता का?"

पलीकडे गॅस बंद केल्याचा खट आवाज.

"बोला."

"मुलगा मोहनेचा. वय एक्केचाळीस. वागळे इस्टेटमध्ये स्वतःचं वर्कशॉप."

"घरी कोण?"

"मोठी बहीण. लग्न झालेलं."

"दारू?"

मी नितीनकडे बघितलं. त्याने जोरजोरात मान हलवली.

"नाही."

"बाई, तुम्ही स्वतः बघितलाय का मुलगा?"

"हो. सहा भेटींना समोरच बसलेले."

"मग? आवडला?"

मॅडम दोन्ही हातांनी नाही नाही करत होत्या.

"हो," मी म्हटलं.

"मग मुलीला आणखी काय विचारायचं? रविवारी जेवायलाच बोलवा त्यांना," आई म्हणाली. "आणि आज येताना कोथिंबीर आण."