डोणीतली वीट

नाना गेल्याचा निरोप मला कामशेतच्या बाजारात मिळाला. माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? ‘आणि त्या देवगांडुळाचं काय?’ निरोप्याने निरोप पुन्हा पहिल्यापासून सांगितला...

नाना माझा जुना दोस्त. पुण्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवी आणि सुटीत तुंगार्लीच्या घरी येई. तिथल्या ओढ्यात त्याला पोहणारं, शेपटीला पातळ पडदा असलेलं देवगांडूळ सापडलं. देवगांडूळ म्हणजे गांडूळ नव्हे, ते बेडकाच्या भावकीतलं, हेही मला त्यानेच शिकवलं. नवा प्राणी म्हणून त्याने ते छापून आणलं आणि लॅटिन वळणाने नाव दिलं बायकोचं. यमुनावहिनी टाकव्याच्या शेतकरी घरातल्या. नानाने त्यांना घरातसुद्धा कधी नावाने हाक मारली नव्हती; तेव्हा कोण मारत होतं म्हणा! ‘अगं’वरच सगळा संसार. ते छापील नाव मात्र मला पुन्हापुन्हा वाचून दाखवताना गडी लाजायचा.

पुढे कलकत्त्याच्या एका विद्वानाने लिहिलं, की हा नवा प्राणी नव्हेच. जमिनीत राहणाऱ्या नेहमीच्या देवगांडुळाचं हे पिल्लू. तसं ठरलं की नवं नाव बाद. विलायतेत पाणसरड्यांच्या पिल्लांना वेगळी नावं देऊन भलेभले असेच तोंडावर आपटले होते, हे नानाला ठाऊक होतं. तरी गडी हट्टाला पेटला. अंगणातल्या दगडी डोणीत काठोकाठ पाणी भरून त्याने एक जिवंत देवगांडूळ ठेवलं. ‘बघ, जन्मभर पाण्यातच राहील.’ मी म्हटलं, ‘बाहेर यायला वाट तरी ठेवलीस का?’ त्यावर तो तरातरा घरात निघून गेला.

तीनेक आठवड्यांनी एका सकाळी वहिनींनी डोणीत वीट उभी केली. ‘अवो, भितीला नाक घासून दमलंय ते. टेकाया जागा न्हाई त्याला.’ चहा होईस्तोवर ते विटेवर चढून बसलं होतं. शेपटीचा पडदा पार झडलेला! नाना डोणीपाशी उकिडवा बसला. मग हळूच मला म्हणाला, ‘लिहिलं तर तिचं नाव मीच पुसायचं. नाही लिहिलं तर वर्गात कुठल्या तोंडाने उभा राहू?’

त्याने लिहिलं नाही आणि वादही घातला नाही. कलकत्त्याला उत्तरं जाईनात, वर्गात तो धडा तो गाळू लागला. हसरा माणूस, स्वतःच्याच घरात कोंडल्यासारखा वावरायचा. मला त्याचा राग येई, आणि जीवही तुटे.

तेरावं झाल्यावर तुंगार्लीला गेलो. वहिनी म्हणाल्या, ‘भावजी, तुमी लिवा. ते पिल्लूच हुतं म्हनून लिवा.’

‘वहिनी, मग तुमचं नाव जाईल.’

‘जाऊ द्या की. कागदावर लय मिरवलं. ह्यांनी त्वांडानं कवा घेतलं? एकडाव घेतील म्हनून वाट बघितली म्या...’

म्हणून हे लिहितो आहे. नाना, ते पिल्लूच होतं रे.

निघताना डोणीपाशी थांबलो. आत आता काहीच नव्हतं, पण पावसाने पाणी विटेच्या वर चढलं होतं. वहिनी तांब्या घेऊन आल्या आणि विटेचं डोकं उघडं पडेपर्यंत पाणी उपसत राहिल्या.