धडगावच्या अलीकडे, काळा दगड दिसेपर्यंत

भर श्रावणात धडगावचा घाट चढायची मला अजिबात हौस नव्हती. पण भाची सुवर्णाला तिथं परिचारिकेची नोकरी लागली होती आणि हजर व्हायची मुदत त्याच दिवशी पाचला संपत होती. गाडी माझी, म्हणून चालवायलाही मीच.

प्रकाशा गावातून निघायलाच बारा वाजले, कारण तिच्या वडिलांना, म्हणजे आमच्या दाजींना, आधी शेतात चक्कर मारायची होती. शहाद्यात टायरची हवा तपासली, टाकी भरली. तुम्हीही तिथंच भरा, पुढचा भरवसा नाही. म्हसावदला तीस रुपयांत गरम भजी मिळाली. दिवसभरात तेवढंच काय ते चांगलं झालं.

घाटात धुकं उतरलं. समोरची प्रत्येक गाडी चारही इंडिकेटर लावून चाललेली! ती थांबलीय, वळतेय की नुसती घाबरलीय, कळायला मार्ग नाही. शेजारी दाजींचं चालूच होतं, "उतारवर न्यूट्रल कर ना, डिझेल वाचस." ओल्या उतारावर गिअरच गाडी धरून ठेवतो, हे मी तीनदा समजावलं. चौथ्यांदा ओरडलो.

धडगावच्या थोडं अलीकडे फरशी पुलावरून गढूळ पाणी वाहत होतं. प्रवाशांनी भरलेली एक जीप उभी होती. तिच्या ड्रायव्हरने नाल्याकडे बोट केलं. "तिथं काळा दगड आहे. पाणी उतरून तो दिसला की जायचं. आम्ही सगळे तसंच करतो."

साडेचार वाजले तरी दगड दिसेना. माझा संयम सुटला. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. दाजीसुद्धा म्हणाले, "ऱ्हाऊ दे." मी ऐकलं नाही. पुढची चाकं पाण्यात गेली आणि गाडी बाजूला ओढली गेल्यासारखी वाटली. सुवर्णाने मागून हात घालून हँडब्रेक खेचला.

"नवकरी गयी ते गयी, मामा. गाडी मांगे ल्या."

मी गाडी मागे घेतली. दगड सव्वासहाला दिसला, तोवर कार्यालय बंद झालं होतं. सकाळी साहेबांनी उशिराचं कारण विचारलं. "पाणी व्हतं, थांबनूत," ती म्हणाली. त्यांनी तिला हजर करून घेतलं.

नाशिकला परतून आठवडा झाला. रस्त्याचा आणि दाजींवरचा राग कधीच गेला. वाटभर सगळ्यांना शहाणपण शिकवलं आणि पाण्यात गाडी घातली ती मी. त्या दोघांनी घरी यातलं काहीच सांगितलेलं नाही. काल ताईचा फोन आला, "भाऊ, तू व्हता म्हनीसन पोर सुखरूप पोचनी."

मी नुसतं "हं" म्हणालो.