नानांच्या सहीवर भरलेला आकडा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. एकदा सांगायला बसलो होतो, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मीच उठलो. उठायला निमित्तच हवं होतं ना!

मी पिंप्राळ्यात राहतो. माझं काम सांगितलं की लोक हसतात. शिरपूरकडच्या एका सोलर प्रकल्पात जी वीज होते, तिचा जन्मदाखला आमचं ऑफिस काढतं. वीज जाते इथल्याच तारांतून. दाखला मात्र परदेशातली कंपनी विकत घेते आणि जगाला सांगते, आम्ही सूर्यावर चालतो. गंमत वाटते? मलाही वाटायची.

दाखल्यासाठी दर महिन्याच्या एक तारखेला दोघांनी मीटरसमोर उभं राहून आकडा लिहायचा आणि खाली सह्या करायच्या. एक सही माझी, दुसरी शांताराम नानांची. नाना प्रकल्पावर मीटर बघायचे, साठीला टेकलेले. एप्रिलच्या उन्हात माझी दशा बघून तेच म्हणाले, "इतला ऊनमा कसाले येस भाऊ? मी सह्या करी ठेस. आकडा फोनवर सांगसू, तू भरी ले."

आणि त्यांनी वर्षभराच्या कोऱ्या कागदांवर सह्या करून दिल्या. आमच्याकडे माणसावर विश्वास ठेवायची ही रीतच आहे. त्यात त्यांचं काय चुकलं?

मग एका महिन्यात ट्रान्सफॉर्मर जळाला. अकरा दिवस प्रकल्प बंद. नानांनी फोनवर खरा आकडा सांगितला, दोनदा सांगितला. पण वरून निरोप होता की एवढे दाखले परदेशात कबूल झालेत. मी—काय सांगू—मी वाढवून लिहिला. पुढच्या महिन्यात तेवढा कमी दाखवू, कोणाला कळतंय, असं वाटलं. कोणी माझ्या मानेवर सुरी ठेवली नव्हती. साहेबांना नाही म्हणायची भीती वाटली, एवढंच.

दाखले गेले, तिकडे वापरूनही झाले. एकदा वापरलेला दाखला परत येत नाही. जी वीज झालीच नाही, तिच्यावर कुठल्यातरी देशात कोणाचं तरी ऑफिस चाललं, असं आजही कागदोपत्री खरं आहे.

पण दाखले तपासणाऱ्यांनी सबस्टेशनची नोंद मागवली. तिथे अकरा दिवस लाइन बंद. धुळ्याला चौकशी बसली. मी म्हणालो, आकडा प्रकल्पावरून येतो, मी फक्त भरतो. एरवीच्या रीतीप्रमाणे शब्द न् शब्द खरा होता, म्हणूनच तर तो इतका नीच होता. नानांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला. त्यांना कळलं असेल का? ते एवढंच म्हणाले, "सही तं मन्हीच शे."

त्यांना काढून टाकलं. मला ऑफिसने सांभाळून घेतलं, ताकीदसुद्धा मिळाली नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर निदान नुसता भित्रा ठरलो असतो. पण बाहेर जिन्याजवळ नाना एकटेच उभे होते. मला त्यांच्याकडे बघवेना, आणि माझ्या तोंडून निघून गेलं—नाना, मी आत तुमच्यासाठी खूप भांडलो, पण कोणी ऐकलं नाही. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मी तो सोडवूनही घेतला नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या गावावरून जात होतो. त्यांनी लांबूनच ओळखलं, घरी नेलं. आता ते दुसऱ्याच्या गोडाऊनवर राखण करतात. खाटेवर चादर अंथरून मला बसवलं आणि आत बायकोला, अक्कांना, हाक मारली, "हाऊच तो भाऊ! मन्हाकरता भांडना व्हता."

अक्कांनी डोक्यावरचा पदर सावरला आणि मला नमस्कार केला. वयाने त्या माझ्या आईएवढ्या. मी तो नमस्कार घेतला, आणि चहा पिऊन निघालो.