केशरबाईंची गाभण मादी

१३ फेब्रुवारी २०२४, मंगळवार, अकोला. नळ उशिरा आला. शेजारी केशरबाईंकडे जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. मी तिथेच होते, आणि अजून सुन्न आहे.

केशरबाईंचं माहेर चांदूर रेल्वे. लग्नानंतर पहिल्याच खेपेला त्यांचं मूल अडलं आणि गेलं. ‘पोटभर खाल्लं, म्हणून मूल वाढलं,’ असं सासूने ऐकवलं. तेव्हापासून गल्लीतल्या प्रत्येक गरोदर बाईला त्यांचं एकच सांगणं, शेवटी शेवटी जेवण आखडतं घे. नवरा गेल्यावर त्यांनी परसात ससे पाळले आणि त्यावर मुलगा किशोर याचं शिक्षण केलं. त्यांचे पिंजरे आमच्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ असतात.

या वेतातली पिल्लं आता विण्यासाठी ठेवलेल्या पेटीबाहेर आली, पण एकालाही धड उडी मारता येईना. मागचे पाय फाकून ती फरशीवर घसरत होती. मांड्यांवर मांस असं नव्हतंच.

“मादी गाभण असताना काय घातलं?” डॉक्टरांनी विचारलं.

“लसूणघास, भरडा. शेवटी अर्धंच देल्लं. पिल्लं मोठी झाली तं तिले जड जाते.”

“बाई, पिल्लांचं मांस आईच्या पोटातच घडायला लागतं. तीच उपाशी, तर ते घडणार कशातून?”

“उपाशी कुठी? अर्धं म्हटलं ना मी. तुमी झाले काय कधी बाळंत?”

डॉक्टर हसले, मीही हसले. किशोरची बायको रागिणी चहा घेऊन दारातच थांबली होती. तिला आठवा महिना आहे. ती हळूच म्हणाली, “आत्याबाई, मले बी तुमी अर्धीच भाकर देऊन राहिल्या ना?”

मधे एक भिंत, रोजचं येणं-जाणं, आणि तिचे वाळलेले दंड मला दिसले नव्हते.

डॉक्टर गंभीर झाले. “मी जनावरांचा डॉक्टर. पण हिला उद्याच दवाखान्यात दाखवा. आणि आजपासून पोटभर जेवू द्या.”

केशरबाई पिंजऱ्यापाशी खाली बसल्या. “मले वाटे, इचं तरी सुखरूप होईन,” एवढंच म्हणाल्या. रागिणीकडे त्यांना बघवेना.

संध्याकाळी त्यांच्याकडचं ज्वारीचं पीठ संपलं. रागिणीच्या भाकरींसाठी केशरबाईंनी माझ्याकडून दोन वाट्या नेलं.