दहा मिनिटांचा आहार

चंपाबाईंचा थोरला भाऊ अजितकुमार साठीत दिगंबर मुनी झाला, तेव्हापासून त्याला दादा म्हणायची सोय राहिली नाही. महाराज म्हणायचं. गुडघे मात्र दोघांचे एकाच घरचे. लहानपणापासून हळदीच्या रानात उकिडवं बसून बसून दोघांनी ते सारखेच झिजवले होते.

चंपाबाईंचे गुडघे मिरजेत बदलले. हाडांमधली गादी झिजलीय, हाडावर हाड घासतंय, असं डॉक्टरांनी फोटो दाखवून सांगितलं होतं. महाराजांना दवाखाना नाही, काठीचा टेकू नाही. दिवसातून एकदाच, कशाचाही आधार न घेता उभं राहून, ओंजळीत पडेल तेवढंच खायचं. पाय धरेनासे झाले की जेवणच संपलं. पुढचं कुणी सांगायला लागत नाही.

यंदा चातुर्मासाला महाराज कुंडललाच होते. ते दुसऱ्यांच्या घरी आहार घेत असताना चंपाबाईंनी चार दिवस घड्याळ लावून पाहिलं. दहा मिनिटं झाली की उजवा गुडघा थरथरायचा.

आपल्या दारी महाराज येतील म्हणून त्यांनी पेज, मुगाचं कढण आणि दूध एवढंच केलं.

"आत्ती, लोक नावं ठिवतील," सून चंदना म्हणाली. "नुसतं पातळच?"

"ठिवू देत. चावण्यात पाय जात्यात त्येंचं."

महाराज त्यांच्याच दारी थांबले. पण मागोमाग निम्मी गल्ली सोवळ्यात हजर! पुण्य कुणाला नकोय? कुणी पुरणपोळीचा घास घातला, कुणी खारकेचे तुकडे. दान द्यायला आलेल्याला नाही कसं म्हणायचं? महाराज मुकाट्याने चावत राहिले. दुधाचा पेला घेऊन चंपाबाई मागे, आणि घड्याळात दहा मिनिटं होत आलेली.

गुडघा थरथरला.

"सरका गं बायांनो, सरका!" चंपाबाई ओरडल्या. त्या पुढे पोचल्या तोवर महाराजांचा हात भिंतीकडे गेला. ओंजळ सुटली. ते खाली बसले. लोकांनी जयजयकार केला. चंपाबाईंच्या हातातला दुधाचा पेला भरलेलाच राहिला.

आठवड्याने महाराजांनी सल्लेखना घेतली, मरेपर्यंत अन्न सोडलं. दर्शनाच्या रांगेत चंपाबाई दोन तास उभ्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते तसंच, नवे गुडघे जरासुद्धा दुखले नाहीत. त्याचाच त्यांना संताप आला.