पाळकसाहेबांची पँट

आज चर्चमध्ये पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले, तेव्हा त्यांच्या पँटच्या गुडघ्यावर लेंडीचा हिरवट डाग होता. तो माझ्या अंगणातला. आम्ही ख्रिस्ती लोक धर्मगुरूला पाळक म्हणतो, पाळक म्हणजे पाळणारा. मी जन्मभर शेळ्या पाळल्या, म्हणून मला त्या शब्दाचं फार अप्रूप नाही.

काल हे नवे पाळक घरी प्रार्थनेला आले. माझी शेळी पहिल्यांदाच व्यायली होती आणि पिल्लाला आचळाशी येऊ देत नव्हती. सकाळपासून उपाशी पिल्लू मान टाकायला लागलं होतं.

मी विचारलं, "तुम्ही आजवर काय पाळलंय?"

"एक पोपट, आजी. तोही उडून गेला."

"मग या इकडं. हिचे मागचे पाय धरा."

ते गुडघ्यावर बसले. छातीत लाथ बसली, तरी पाय सोडले नाहीत. मी पिल्लाचं तोंड आचळाला लावलं. बऱ्याच वेळानं त्याची शेपटी हलायला लागली.

चित्रातला येशू कोकरू खांद्यावर घेऊनही पांढराशुभ्र असतो. चित्र काढणाऱ्यानं शेळ्यामेंढ्या पाळल्या नसाव्यात.

मग प्रार्थना झाली. पाळकांनी माझ्या गुडघ्यांसाठी, मुलांसाठी, नातवंडांसाठी मागितलं. आमेन म्हणायच्या आत मी डोळे उघडले.

"पिल्लू राहिलं," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा हात जोडले. त्या हातांना शेळीचा वास येत होता. मी आमेन म्हटलं, तेही जरा मोठ्यानं.